मीटरकाकांची सुई आणि देवलांची तार

अहो, ऐकलंत का? नाही, तिथून नको, जरा इकडे या, कुंपणापाशी. जास्वंदीजवळ उभं राहिलं की सगळं त्यांच्या खिडकीत जातं. हं, आता बरं. रविवारी समोरच्यांकडे काय झालं ते कळलं ना? अख्ख्या प्रतापनगरला कळलंय, तुम्हीच कशा राहिलात? … हो हो, तुम्ही नाही का सुरतेला साखरपुड्याला. विसरलेच मी मेली.

तर मैफलकाका. आता नाव कशाला घ्यायचं, सगळी गल्ली मैफलकाकाच म्हणते. बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून गाणं ऐकणं हीच त्यांची ड्यूटी. सकाळी दूध, पेपर, तोडी. संध्याकाळी फेरी, चहा, मारवा. आणि मग त्यांनी तो अँप्लिफायर आणला. नवा म्हणजे कसला, नव्यानं बनवलेला जुना! व्हॉल्व्हचा. पुढं चार काचेचे दिवे, केशरी. तिन्हीसांजेला लागले तेव्हा मला वाटलं, ह्यांनी देवघर हॉलमध्ये आणलं की काय. काकू मात्र गप्प. काकूंना त्यांनी किंमत एक सांगितली होती, आणि… ते पुढं येतं, घाई करू नका.

आणि दुसरे आपले मीटरकाका. रेल्वेत, सिग्नल-टेलिकॉमला. सगळा जन्म इथल्याच डीआरएम ऑफिसात गेला. डभोईची छोटी गाडी बंद होऊन तिथं मोठी लाइन आली, ती आता एकतानगरला जाते, पण मीटरकाका काही बदलले नाहीत. त्यांचं सगळं मोजून. चहात साखर चमच्यानं नाही, वजनकाट्यावर. तर ते मैफलकाकांकडे गेले, दोन मिनिटं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले काय, "छान आहे. डिस्टॉर्शन किती?"

अहो, काकांचा चेहरा बघायला हवा होता! चालू होते फैयाजखाँसाहेब. आपल्या बडोद्याच्या दरबारचे, आफताब-ए-मौसिकी, आणि ह्यांना डिस्टॉर्शन! "कान आहेत की नाहीत तुम्हाला?" काका म्हणाले. "आहेत ना," मीटरकाका म्हणतात, "म्हणूनच भरवसा नाही. सिग्नल हिरवा असल्यासारखा वाटतो म्हणून गाडी सोडतात का कोणी?" "मग तुमच्या त्या मीटरला मारवा कळतो का?" झालं! सातला सुरू झालं ते जेवणं उरकली तरी ओटल्यावर चालूच. शेजारच्या बेन बाल्कनीतून विचारतायत, "पण आ केटलानुं पड्युं?" त्याकडे कोणाचं लक्षच नाही. मैफलकाकांनी तर मुद्दामच दिलं नाही.

पण मी म्हणते, बडोद्याला ह्यात नवल कसलं? हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. देवल नाही का? सांगलीचे हो, कृष्णाजी बल्लाळ. डेप्युटी कलेक्टर होते. पेन्शन लागली, आता माणसानं देवळात जावं, नातवंडं खेळवावीत… तर ह्यांनी श्रुती मोजायला घेतल्या! बावीसच्या बावीस. लोक नुसते म्हणत आले, बावीस श्रुती, बावीस श्रुती. पण त्या नेमक्या कुठं आहेत ते बोट ठेवून दाखवा म्हटलं की सगळे आढ्याकडे बघणार. देवलांनी सोनोमीटर घेतला. म्हणजे लाकडी पेटी, वर ताणलेली तार, खाली पट्टी आणि मधे सरकणारी घोडी. गवयानं स्वर लावायचा, ह्यांनी घोडी सरकवत सरकवत तार त्या स्वराला मिळवायची आणि पट्टीवरची लांबी लिहून घ्यायची. पंचम म्हणजे तारेचा २/३ भाग. शुद्ध गंधार ४/५. असं सगळं.

आणि गवई कोण, माहीत आहे ना? अब्दुल करीम खाँसाहेब! आपल्या बडोद्यातूनच गेलेले. गेलेले म्हणजे… आता तुम्हाला सांगायला नको कसे गेले ते. सरदार मान्यांच्या ताराबाईंना गाणं शिकवायला जायचे, राजघराण्याच्या नात्यातलं घर ते, आणि एक दिवस शिष्या नि गुरू दोघंही गायब! त्या काळी काय गहजब झाला असेल, कल्पना करा. नुसता शेजारीपाजारी नाही हो, दरबारात. पुढं मिरज झालं, पुणं झालं, मुलं झाली, मग ताराबाई मुलं घेऊन वेगळ्या झाल्या. आणि बघा गंमत, ज्या गावातून आईबाप पळून गेले त्याच गावाचं नाव थोरल्या लेकीनं लावलं, हिराबाई बडोदेकर! मला तर ह्या एका गोष्टीचं फार बरं वाटतं.

तर काय सांगत होते… हं, देवल. १९१० साली त्यांचं पुस्तक आलं, बावीस श्रुतींचं, इंग्रजीत. ते वाचून एक साहेब त्यांच्या नादी लागला. क्लेमंट्स. आय.सी.एस., न्यायाधीश माणूस. त्यानं काय करावं, तर लंडनच्या मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी बनवून घेतली! नेहमीच्या पेटीत सप्तकाला बाराच पट्ट्या ना, हिच्यात श्रुतीसुद्धा वाजणार. १९१३ साली साहेबानं स्वतःचं पुस्तकही काढलं. दोघांची खात्रीच पटली होती की झालं, गाण्याचा हिशोब लागला, आता वाद कसला?

आणि वाद झाला कुठं, तर इथं. १९१६ चा मार्च. भातखंड्यांनी परिषद भरवली होती, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं. कुठून कुठून उस्ताद आलेले, पंडित आलेले. भातखंड्यांनी इंग्रजीत लांबच लांब भाषण केलं, उत्तरेकडच्या संगीताच्या इतिहासावर. वकील माणूस, बोलायला लागले की पुराव्यानिशी. आणि तिथं ही श्रुतीची पेटी, आणि देवल, आणि साहेब. जमलेल्या गुणी मंडळींपैकी बऱ्याच जणांना काही ते पटेना. भातखंड्यांना तर नाहीच नाही. साहेबाचा चेहरा कसा झाला असेल… म्हणजे कायदा शिकलेला, पेटी एवढी समुद्र ओलांडून आणलेली, मोजमापाचं सगळं बाड जवळ, आणि समोरचे गवई माना हलवतायत. होकारार्थी नाही, दुसऱ्या बाजूनं.

आमचे हे म्हणाले, "म्हणजे कान जिंकले, मीटर हरलं." मी म्हटलं, थांबा जरा. देवल काही वेडे नव्हते. आपल्या नेहमीच्या पेटीचा गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, ही गोष्ट खरीच आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर चांगले १४ सेंट चढा. ज्याचे कान तयार आहेत त्याला तो टोचतो. रेडिओनं उगाच का पेटीला बाहेर काढली? १९४० च्या मार्चपासून जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीला पेटी चालत नव्हती. सारंगी घ्या म्हणे! तेव्हा देवलांची तार खोटं बोलत नव्हती. पण त्यांनी तारेला विचारलं काय, तर हा स्वर कुठं उभा आहे? आणि आपला स्वर उभा असतो का हो कुठं? दरबारीचा गंधार घ्या. तो झुलतो, खाली जातो, वर बघतो, परत खाली. त्याला एका पट्टीत बसवायचं म्हटलं की गवई मान हलवणारच. पुढं १९६३ साली जैराजभॉय आणि स्टोन ह्या दोघांनी विजेच्या उपकरणांनी खऱ्या कलाकारांचे स्वर मोजले तर काय निघालं? ह्याचा गंधार तिथं, त्याचा भलतीकडेच. इतकंच काय, त्याच कलाकाराचा तोच स्वर त्याच बैठकीत जागेवर नाही! म्हणजे भातखंडे बरोबर होते हेसुद्धा शेवटी कोणी सांगितलं, तर मीटरनंच. आता बोला.

बरं, तर रविवार. मैफलकाकूंची भाची आली होती, ती हो, युनिव्हर्सिटीत फिजिक्सला आहे ती, पोरगी गुणी पण जिभेला हाड नाही. तिनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, पडदा लावून ऐकू या का?" मैफलकाका म्हणाले, "पडदा लाव, भिंत बांध, मला ओळखता आलं नाही तर मिशा उतरवीन." मिशा आहेत त्यांना चांगल्या, तुम्हाला माहीत आहे.

एका बाजूला काकांचा व्हॉल्व्हवाला, दुसऱ्या बाजूला मीटरकाकांचा ट्रान्झिस्टरचा काळा डबा, स्पीकर तेच. आधी भाचीनं सहज म्हणून दोन्ही वाजवून दाखवले, पडदा नाही, काही नाही. आम्ही सगळ्या बायका होतो दाराशी. अहो, सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, व्हॉल्व्हवाला! काय तो भरीवपणा! बेनसुद्धा म्हणाल्या, "आ मीठुं छे." मैफलकाकांनी मीटरकाकांकडे असं बघितलं… असं! मीटरकाका खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

मग त्या पोरीनं काय केलं, स्पीकरच्या मागं व्होल्टमीटर लावला. म्हणाली, "काका, हा थोडा जोरात वाजतोय." जोरात म्हणजे किती, तर एक डेसिबलसुद्धा नाही! म्हणे एवढ्याश्या फरकानं आवाज मोठा आहे हे कळतच नाही, उलट गोड आहे असं वाटतं. दुकानदारांना हे बरोब्बर ठाऊक असतं, जो खपवायचा तो टिचभर वर ठेवायचा. तिनं दोन्ही अगदी सारखे करून घेतले, एक साधा सूर लावून, हजार सायकलचा. आणि मग काकूंचा जुना पलंगपोस दोरीवर टाकला.

आता काकांना हट्ट, टेस्ट फैयाजखाँसाहेबांवरच व्हायची. भाची हसली. म्हणाली, "काका, त्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डीत सात-आठ हजारांच्या वर फारसं काही नसतंच. मग अँप्लिफायर वीस हजारांपर्यंत जातो की नाही ते कशावरून कळणार?" आणि वर हेही ऐकवलंन, की साठी ओलांडली की बारा हजारांच्या वरचं बहुतेकांना तसंही ऐकू येत नाही. सांगितलं ना, जिभेला हाड नाही. काका म्हणाले, "माझं वय मध्ये आणू नकोस." शेवटी एक नवं रेकॉर्डिंग ठरलं, पुरुषी आवाज, काळी एक, मागं दोन तानपुरे.

नाणं उडवायचं, छापा आला तर हा, काटा आला तर तो. नाणं उडवायला माझा नातू, पडद्यामागं, म्हणजे भाचीलाही माहीत नको कोणता चाललाय ते. का, तर तिच्या चेहऱ्यावरून कळायला नको. पहिल्या दोन-तीन वेळा काका झटकन उत्तर देत होते. "व्हॉल्व्ह. हा बघ, श्वास ऐकू येतो." मग जरा वेळ घ्यायला लागले. मग म्हणाले, "परत लाव." मग डोळे मिटले. मग घाम पुसला. अहो, मला तर वाईट वाटायला लागलं. शेवटी कागद जुळवला तर जवळजवळ निम्मे बरोबर, निम्मे चूक. नाणंच की ते! भाची म्हणाली, सोळापैकी बारा तरी बरोबर यायला हवे होते. नुसत्या अंदाजानं ठोकलं तर बारा किंवा जास्त येणं शंभरात चारपेक्षाही कमी वेळा घडतं, म्हणून बाराची रेघ.

मिशांचा विषय कोणी काढला नाही. काकूंनी चहा आणला.

तरी ती पोरगी चांगली हो, काकांची बाजूही घेतली तिनं. म्हणाली, "एकटे तुम्हीच नाही, काका. इंग्लंडात १९७८ साली क्वाड कंपनीचे तीन अँप्लिफायर असेच लावले होते, एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे, आणि ऐकायला बसवलेल्या जाणकारांनाही वेगळे सांगता आले नाहीत." आणि म्हणे व्हॉल्व्हचं जे डिस्टॉर्शन असतं ना, ज्यावरून एवढं महाभारत झालं, त्यात दुसरा हार्मोनिक जास्त. म्हणजे मूळ सा वाजला की त्याच्याबरोबर वरच्या सप्तकातला सा हळूच मिसळतो. आता सा मध्ये सा मिसळला तर कोणाला खुपणार? मीटरकाकांचं मीटर त्याला दोष म्हणून मोजतं आणि आकडा दाखवतं. आकडा खरा. पण त्या आकड्यावरून वाईट वाटेल की नाही ते नाही कळत. हे ऐकून मैफलकाका जरा सरळ बसले.

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली, मला तर फारच आवडली. अमेरिकेत हार्मन कंपनीत टूल आणि ऑलिव्ह म्हणून दोघं होते. १९९४ साली त्यांनी आपल्याच कंपनीतले चाळीस लोक बसवले, स्पीकर ऐकायला. आधी उघड, स्पीकर दिसतायत. तर मोठे, भारदस्त, महागडे स्पीकर पहिले, आणि एक छोटासा, स्वस्तातला, प्लॅस्टिकचा बिचारा तळाला. मग पडदा टाकला. तर तोच छोटा ह्या बड्यांच्या पंक्तीला येऊन बसला की! आणि हे लोक कोण, तर स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच, ज्यांना सगळं कळायला हवं. त्यांचे चेहरे कसे झाले असतील हो पडदा काढल्यावर… आणि पुढची गंमत. हाच टूल आधी कॅनडात सरकारी प्रयोगशाळेत होता, तिथं त्यानं वर्षानुवर्षं असंच पडद्याआड लोकांना ऐकवलं आणि ते स्पीकर मोजलेही. तर डोळे झाकून लोकांना जे आवडतं तेच मीटरवरही नीट, सरळ, कुठं उंचवटा नाही खळगा नाही असं निघतं. समोरून मोजा, बाजूनं मोजा. म्हणजे कान आणि मीटर ह्यांचं भांडणच नाही. मधे लावालावी करतात ते डोळे! हे मी तिथंच बोलले, मोठ्यानं, आणि भाची म्हणाली, "आजी, करेक्ट." आमचे हे बघतच राहिले माझ्याकडे.

एडिसनचं ऐकलंत का पण? तो तर बारा गावचं पाणी प्यालेला. ज्या वर्षी आपल्याकडे क्लेमंट्स साहेबाची पेटी नापसंत होत होती ना, त्याच वर्षी, १९१६, तिकडे न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये एडिसनच्या कंपनीनं गायिका उभी केली आणि शेजारी फोनोग्राफ ठेवला. बाई गातायत, मशीन गातंय, दिवे घालवले, ओळखा आता कोण गातंय. लोक गारद! असे खेळ गावोगाव केले त्यांनी, वर्षानुवर्षं. त्या खेळांत गाणारी ॲना केस म्हणून एक बाई होती. तिनं म्हातारपणी सांगून टाकलं, की ती त्या मशीनसारखा आवाज काढत होती. बघा! मशीन माणसासारखं नव्हतं गात, बाई मशीनसारखी गात होती. डोळे झाकले तरी फसवणारा फसवतोच, हे मीटरकाकांनी लगेच उचललं. "म्हणून मोजायला पाहिजे," म्हणाले. त्यांना काय, कुठूनही तिथंच यायचं.

पण थांबा, मीटरकाकांचीही गेलीच त्या दिवशी. तर काय सांगत होते… चहा झाला. मीटरकाका आता अगदी खुशीत. खुर्ची खोलीच्या मधोमध ओढून बसलेले, पायावर पाय. म्हणाले, "अँप्लिफायरचं जाऊ द्या, पण तुमच्या स्पीकरला खर्ज नाही हो." मैफलकाका दिवाणावर, भिंतीला टेकून. ताडकन उठले. "खर्ज नाही? अहो, खर्जानं खोली भरलीय! जरा जास्तच आहे म्हणेन मी." "नाहीच आहे." "कानात बोळे घातलेत का?" परत सुरू! तेच गाणं, तोच तानपुरा, तीच खोली, आणि एक म्हणतो अजिबात नाही, दुसरा म्हणतो फार आहे. भाचीसुद्धा जरा गोंधळली.

आणि तेवढ्यात काकू. काकू हो, आपल्या गरीब काकू, ज्यांनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. दारात उभ्या, पदराला हात पुसत. म्हणाल्या, "तो तिथं नाहीये, तो इथं आहे." आम्ही म्हटलं, काय? "खर्ज. हे गाणं रोज सकाळी चालू असतं, मी केर काढत असते. खिडकीच्या भिंतीशी घुमतो, मधे आलं की जातो, दिवाणापाशी परत येतो." अहो, रोज! झाडू हातात घेऊन त्या बाईनं अख्खी खोली कानानं मोजून ठेवली होती आणि कोणी विचारलं नव्हतं.

भाचीचे डोळे चमकले. तिनं टेप मागितली, शिवणाच्या मशीनवरची. तुम्हाला माहीत आहे ती खोली, चिंचोळी, जुन्या पद्धतीची. रुंदी आठ फूट. तिनं तिथंच पेपरच्या कोपऱ्यावर हिशोब केला. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, खोली २.४४ मीटर, म्हणजे दोन भिंतींच्या मधे ७० सायकलचा सूर अडकून घुमणार. भिंतींशी भरपूर आणि बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नाही. आणि काळी एकचा खर्ज किती? ६९! मीटरकाका बसले होते मध्यावर, मैफलकाका भिंतीला. दोघंही खरं बोलत होते. मग तिनं माइक घेऊन खोलीतून फिरवला, आणि अगदी काकूंनी सांगितलं तसंच, जिथं म्हणाल्या तिथं, पडद्यावरची रेघ वर गेली, मधे आली की बसली.

मीटरकाकांचा चेहरा… नाही, हसू नका, ऐका. त्या माणसानं अँप्लिफायरचं डिस्टॉर्शन दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत मोजून आणलं होतं, वहीत लिहून. आणि ज्या खोलीत बसून ऐकायचं ती मोजलीच नाही! म्हणाले, "हं." बस, एवढंच. रेल्वेच्या माणसाचं 'हं'. मग हळूच खुर्ची दोन फूट मागं सरकवली आणि म्हणाले, "आला की खर्ज."

मैफलकाका म्हणतात, जाड पडदे लावू, मंगळबाजारातून आणू. भाची म्हणाली, पडद्यानं ह्या सुराला काही होत नाही, त्याची लाटच सोळा फुटांची. दिवाण भिंतीपासून पुढं घ्या, बस. आता हे ऐकून काकू हसल्या बघा. त्या दिवसात पहिल्यांदा. दिवाण पुढं घ्या म्हणून ती बाई किती वर्षं सांगतेय! मागचा केर निघत नाही म्हणून. नाही म्हणजे नाही, तिथंच ऐकायला चांगलं वाटतं म्हणे. आता फिजिक्सनं सांगितलं तर लगेच उठले दोघं काका. हे इकडून, ते तिकडून. जड आहे तो, सागवानी. गादी आधी काढा, मी म्हटलं. गादी काढली.

आणि गादीखाली कागद.

पांढरा, चौघडी घातलेला. मैफलकाकांनी झडप घातली, पण कंबर ती, वाकायला वेळ लागला. काकूंनी उचलला. उलगडला. अँप्लिफायरचं बिल हो! आकडा मला पूर्ण नाही दिसला, माझा चष्मा घरी होता, पण शून्यं दिसली. काकूंना जे सांगितलं होतं त्यात एक शून्य कमी होतं एवढं नक्की. खोलीत कोणी हलेना. बाल्कनीतून बेन परत, "केटलानुं पड्युं?" आणि काकूंनी… अहो, मला वाटलं आता ताट-वाटी काहीतरी जाणार भिंतीवर. पण नाही. बिलाची परत घडी घातली, कमरेला खोचली, मीटरकाकांच्या रिकाम्या खुर्चीवर नीट बसल्या आणि भाचीला म्हणाल्या, "काय गं, किंमत कळली की आवाज जास्त गोड लागतो असं म्हणालीस ना मघाशी? मग लाव बघू तो परत. आता कळलीय मला."

मीटरकाका चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी दिवाणाखाली गेली होती, पण ती काढायला काही ते थांबले नाहीत.